नव्वद दिवसांत नवा माणूस? एका जुन्या पिणाऱ्याचं उत्तर

गटारीच्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात आणि मधे हे वेळापत्रक:

‘उद्यापासून श्रावण. दारू सोडायची हीच वेळ! 24 तासांत शरीर विष बाहेर टाकू लागतं. 72 तासांत रक्त शुद्ध, सगळा त्रास संपला. 7 दिवसांत लहान बाळासारखी झोप. 21 दिवसांत सवय मरते. 30 दिवसांत लिव्हर नव्यासारखं. 90 दिवसांत नवा माणूस, घरात आनंदीआनंद. डॉक्टर नको, गोळ्या नकोत, फक्त मनाचा निर्धार हवा. स्वतःहून सोडत नसेल तर घरच्या लक्ष्मीने जेवणातून पावडर द्यावी, त्याला कळणारही नाही. 90 दिवसांनंतर सणासुदीला एखादा पेग चालतो. दहा जणांना पाठवा, एक घर वाचवा.’

दाजींच्या पुतण्याने तो वाचला. वय 31. सहा-सात वर्षं रोज पिणारा, अलीकडे सकाळी उठल्या उठल्या लागायची. गटारीला ‘शेवटची’ म्हणून रात्री पोटभर प्यायला आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. शेवटच्या घोटानंतर साधारण तीस तासांनी, पहाटे, बाथरूममध्ये फिट येऊन पडला. कपाळाला पाच टाके. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून घरच्यांनी काढलेला निष्कर्ष असा: ‘सोडली म्हणून झालं. थोडी थोडी चालू ठेवायला हवी होती.’

दाजींचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. पण हा मेसेज वाचून आणखी कुणी बाथरूममध्ये पडू नये, म्हणून त्यातल्या एकेका ओळीला उत्तर देतोय. मी डॉक्टर नाही. एमआयडीसीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. अठरा वर्षं प्यायलो, बंद होऊन अकरा वर्षं झाली. जे सांगतोय ते दवाखान्याच्या वॉर्डात, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये आणि माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून शिकलेलं आहे.

‘72 तासांत रक्त शुद्ध, सगळा त्रास संपला’

सगळ्यात घातक ओळ हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो.

रक्तातली दारू निघून जायला बहात्तर तास लागतच नाहीत. लिव्हर तासाला साधारण तीस मिलीच्या एका पेगाचा हिशेब चुकता करतं. म्हणजे एक क्वार्टर, सहा पेग, सहा-सात तासांत संपली. रात्री प्यायलेली दुपारपर्यंत बहुतेक गेलेली असते. खरा त्रास ती गेल्यावर सुरू होतो.

आमच्या कामात डीसी सिरीज मोटर नावाचा प्रकार असतो. लोड आहे तोवर गुणी. लोड एकदम निघाला की ती वेग वाढवत सुटते, अगदी स्वतःची वाइंडिंग उखडेपर्यंत. म्हणून तिला पट्ट्यावर चालवत नाहीत, पट्टा तुटला तर संपलं. रोज पिणाऱ्याच्या मेंदूचं असंच होतं. दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं, दारू तो ब्रेक आणखी दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूही जुळवून घेतो. ब्रेक सैल करतो आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवून ठेवतो, कारण एवढ्या लोडवर त्याला दिवसाचं काम चालवायचं असतं. मग एका सकाळी लोड एकदम काढला जातो.

पुढचं वेळापत्रक मेसेजवाल्याने लिहायला हवं होतं, ते मी लिहितो. सहा-आठ तासांत हात कापतात, घाम फुटतो, कोरड्या उलट्या होतात, छातीत धडधडतं. बारा ते चोवीस तासांत काहींना नसलेलं दिसू-ऐकू लागतं. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या 48 तासांत येते. आणि त्यातला सर्वांत जीवघेणा प्रकार, ज्याला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ किंवा नुसतं ‘डीटी’ म्हणतात, तो साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान उभा राहतो. ताप, भ्रम, नाडीची धावपळ, माणूस कुठे आहे ते त्याला कळत नाही. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. मेसेजमध्ये ‘त्रास संपला’ असं ज्या तासाला लिहिलंय, तो तास या पट्ट्याच्या बरोबर मधे येतो.

मी वॉर्डात होतो तेव्हाची तिसरी रात्र मला आठवत नाही. ही सांगते, मी पलंगावर उभा राहून भिंतीवरच्या बोर्डाचं कव्हर उघडत होतो, वायरी सोलत होतो, ‘फेज कुठली ते बघ’ म्हणून हेल्परवर ओरडत होतो. भिंतीवर बोर्ड नव्हता आणि माझा हेल्पर तेव्हा त्याच्या गावी होता. डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. डीटीमध्ये माणूस आपला धंदाच करत बसतो म्हणे. शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो.

यावर इलाज आहे, जुना आणि भरवशाचा. क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम या जातीच्या गोळ्या सुटलेल्या मेंदूला तेवढ्यापुरता आधार देतात आणि आठवडाभरात कमी करत बंद करतात. कुठली, किती, लिव्हर खराब असेल तर कुठली टाळायची, हे डॉक्टरच ठरवतो. मेडिकलवाल्याकडून ओळखीने आणून चालत नाही, कारण याच गोळ्यांचीही सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो.

हे सगळ्यांना होत नाही. शनिवारी मित्रांबरोबर दोन घेणाऱ्याने खुशाल उद्यापासून बंद करावी, त्याला काही होणार नाही. पण ज्याला सकाळी हात थांबवण्यासाठी घ्यावी लागते, ज्याला आधी कधी फिट आली आहे, ज्याने यापूर्वी चार वेळा सोडून चार वेळा धरली आहे, त्याने दवाखाना गाठल्याशिवाय बंद करू नये. ‘मागच्या वेळी नुसता घाम आला होता’ या हिशेबाला अर्थ नाही. दर वेळी सोडताना मेंदू जास्त पेटतो. पाचव्या वेळचा त्रास पहिल्या वेळेपेक्षा मोठा असू शकतो.

त्यामुळे जिन्यातल्या त्या निष्कर्षात अर्धं खरं होतं. एकदम बंद करणं त्याला झेपणारं नव्हतं. पण उरलेलं अर्धं ‘थोडी थोडी चालू ठेवा’ असं नसून ‘आधी डॉक्टर गाठा, मग त्यांच्या सांगण्याने तारीख ठरवा’ असं आहे.

माळ घालून सोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आमच्या आळीत दोघे आहेत, पंढरीची वारी चुकवत नाहीत आणि वीस वर्षांत थेंबाला शिवलेले नाहीत. माळेने त्यांना पुढची वीस वर्षं सांभाळलं. पहिले चार दिवस सांभाळायला मात्र त्यातल्या एकाला सलाईनच लागली होती.

सलाईनवरून आठवलं. ‘एक बाटली चढवली की उतरते’ हा समज गावोगावी आहे. जुन्या पिणाऱ्याच्या अंगात जीवनसत्त्व बी-1, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं. जेवण धड नाही, आणि जे जातं ते आतडं नीट शोषत नाही. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर ते ग्लुकोज वापरताना उरलासुरला साठाही संपतो. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1881 साली हा आजार लिहून ठेवला. वेळेत इंजेक्शन मिळालं तर माणूस परत येतो. नाही मिळालं तर नवी आठवण धरण्याची ताकदच जाऊ शकते. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, म्हणून माणूस गोष्टी रचून सांगतो आणि त्या त्याला खऱ्याच वाटत असतात. बाटली लावणाऱ्याला ‘हा रोज पितो’ एवढं एक वाक्य लाज न बाळगता सांगा.

‘7 दिवसांत लहान बाळासारखी झोप’

लहान बाळ दर दोन तासांनी रडत उठतं, त्या अर्थाने म्हणत असतील तर बरोबर आहे.

दारू झोप आणते आणि मग मोडते. रात्रीचा दुसरा भाग ती पोखरून काढते. बंद केल्यावर झोपेची घडी बसायला आठवडे, कित्येकांना महिने लागतात. त्यात स्वप्नांचा पूर येतो, कारण दारूने वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप उसळी मारते. मला दुसऱ्या महिन्यात प्यायल्याची स्वप्नं पडायची. इतकी खरी, की उठून मी हिला जागी करून विचारायचो, ‘मी बाहेर गेलो होतो का?’ तोंडाला वास येतोय असंही वाटायचं. मीटिंगमध्ये हे बोललो तर समोरचे सातही जण हसले. सगळ्यांना पडतात. मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

सातव्या दिवशी झोप येणार असं वाचलेला माणूस विसाव्या रात्रीही छताकडे बघत पडला, की त्याला काय वाटतं? आपल्यातच काहीतरी खोट आहे. आणि झोपेचं औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, हे त्याला पाठ असतं.

‘21 दिवसांत सवय मरते’

हा एकवीस दिवसांचा आकडा कुठून आला ते शोधलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन होते. नाकाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं. ‘कमीत कमी’ वाटेत गळून पडलं आणि नाकाच्या जागी दारू आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांवर केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एखादी साधी नवी सवय अंगवळणी पडायला त्यात सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत गेला. या सवयी म्हणजे जेवताना ग्लासभर पाणी पिणं, जेवणाआधी थोडं धावणं अशा. दारूच्या तलफेला ते मोजमाप लावताच येत नाही.

तलफ मरत नाही, निजते. आणि तिला उठवणारी माणसं, वास, तारखा ठरलेल्या असतात. पगाराची सात तारीख. पहिला पाऊस आणि कांदाभजीचा वास. वरातीतला बेंजो. मला तर नुसता स्टीलच्या पेल्यावर बर्फाचा आवाज पुरायचा. उठलेली तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, हे मात्र खरं, आणि तो अर्धा तास काढायच्या युक्त्या असतात. पोटभर जेवून घेणं हीच मोठी युक्ती. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांपैकी कुणी आलं की मागोमाग तलफ येते असं आमच्याकडे शिकवतात. मी पहिली दोन वर्षं खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचो. सोडल्यावर गोडाची खा खा सुटते, तीही भागायची.

‘30 दिवसांत लिव्हर नव्यासारखं’

यात खरं आहे ते मान्य करतो. लिव्हरला नुसती चरबी चढलेली असेल, तर दारू पूर्ण बंद केल्यावर दोन ते सहा आठवड्यांत ती बरीचशी उतरते. बीपीही काही आठवड्यांत खाली येतं. ‘जीजीटी’ हा दारूने वाढणारा आकडा महिना-दोन महिन्यांत उतरतो. हे सगळं फुकट, एका गोळीशिवाय. मेसेजवाल्याने एवढंच लिहिलं असतं तर मीच पुढे पाठवला असता.

पण चरबीच्या पुढे सूज असते आणि सुजेच्या पुढे सिरॉसिस, म्हणजे लिव्हरमध्ये मऊ मांसाच्या जागी वणांचं जाळं. ते जाळं तीस दिवसांत काय, तीन वर्षांतही पूर्ण जात नाही. तरीही सिरॉसिस झालेल्याने दारू सोडण्यात मोठा फायदा आहे, त्याचं आयुष्य वाढतं, म्हणून ‘आता काय उरलंय’ म्हणत पीत राहू नये. फक्त त्याला ‘नव्यासारखं’ म्हणू नका. आणि एसजीपीटी हा रक्ततपासणीतला लिव्हरचा आकडा नॉर्मल आला म्हणजे लिव्हर ठीक, हेही खरं नाही. पुढे गेलेल्या सिरॉसिसमध्ये तो आकडा नॉर्मल येऊ शकतो. सोनोग्राफी, प्लेटलेट, डॉक्टरांचा पोटावरचा हात, सगळं मिळून कळतं.

प्रत्येक अवयवाचं कॅलेंडरच वेगळं आहे. दारूने फुगलेल्या लाल पेशींचा आकार तीन-चार महिन्यांनी सुधारतो, कारण एक पेशी जगतेच 120 दिवस, आधीच्या मरून नव्या यायला लागतात. पायांच्या नसा त्याहून सावकाश. माझ्या पायातली चप्पल निसटलेली मला कळायची नाही. ते ठीक व्हायला दीड वर्ष गेलं, आणि डाव्या पायाची दोन बोटं अजून थोडी बधिरच आहेत.

या ओळीचं खरं विष वेगळं आहे आणि ते मी चाखलंय. वॉर्डात जाण्याच्या तीन वर्षं आधी मी असाच सव्वा महिना बंद ठेवली होती. रिपोर्ट काढला, सगळे आकडे जागेवर. त्याच संध्याकाळी प्यायलो. रिपोर्ट खिशात होता, टेबलावर दोघांना दाखवलाही. ‘लिव्हर एकदम नवं कोरं’ म्हटलं की पिणाऱ्याच्या कानात ‘मग आता चालेल’ असंच पोचतं.

श्रावणाचं गणितही याच जातीचं. ‘मी श्रावण पाळतो, मला व्यसन असतं तर महिनाभर राहिलो असतो का?’ गटारीला गळ्यापर्यंत आणि पुन्हा सुरू करायचा दिवस आधीच ठरलेला, या दोन खुंट्यांमध्ये बांधलेला तो महिना. मी बारा श्रावण पाळले. प्रत्येक वेळी शेवटचा आठवडा मी दिवस मोजत होतो.

‘डॉक्टर नको, गोळ्या नकोत, फक्त निर्धार’

निर्धार लागतो, नाही कोण म्हणतं. पण बीपीवाल्याला, दमेवाल्याला कुणी ‘मनाचा निर्धार कर’ म्हणून परत पाठवत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 साली जाहीर झालेल्या पाहणीत, देशात दारूवर अवलंबून असलेले लोक सुमारे 2.9 कोटी निघाले. त्यांतल्या 38 जणांत एकालाच कुठलीतरी मदत मिळाली होती. उरलेल्या सदतीस जणांजवळ काय होतं? निर्धारच. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा होत्या. मी स्वतः ग्रामदैवतापुढे तीनदा नारळ फोडलाय.

पहिले चार दिवस सांभाळणाऱ्या गोळ्या वेगळ्या आणि पुढे तलफ कमी करणाऱ्या वेगळ्या. नाल्ट्रेक्सोन आहे, अ‍ॅकॅम्प्रोसेट आहे. या दोन्हींची सवय लागत नाही. त्या सगळ्यांना लागू पडत नाहीत, पण ज्यांना पडतात त्यांचा तो अर्धा तास सोपा होतो. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांना अशी औषधं असतात हेच माहीत नाही.

आणि माणसं लागतात. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघांनी निर्धार करून करून हार खाल्लेली. एकमेकांशी बोलत राहिलो तर न पिता राहता येतं, एवढ्या शोधावर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. 1957 पासून ती मुंबईत आहे आणि आता मराठी मीटिंगा कितीतरी गावांत चालतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने. तिथून बाहेर पडलेल्याला नंतरही पाठपुराव्याला यायला सांगतात. उपचार डिस्चार्जच्या दिवशी संपत नाहीत, हे त्यामागचं शहाणपण.

एवढं करूनही माणूस घसरतो. उपचार घेतलेल्यांतले चाळीस ते साठ टक्के कधीतरी पुन्हा पितात असं अमेरिकेतल्या व्यसनविषयक संस्थेचे आकडे सांगतात, आणि बीपी-दम्याच्या पेशंटमध्ये औषध-पथ्य सुटण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच आहे. मीही कायमची सुटण्याआधी दोनदा घसरलो. ‘फक्त निर्धार’ म्हणणाऱ्यांच्या लेखी मी दोनदा नालायक ठरलो, आणि नालायक ठरलेला माणूस परत दवाखान्यात तोंड दाखवत नाही.

‘घरच्या लक्ष्मीने जेवणातून पावडर द्यावी’

‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात एसटी स्टँडच्या मुतारीपासून पेपरातल्या छोट्या चौकोनापर्यंत सगळीकडे असते. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. कित्येक घरांत मात्र डॉक्टरी गोळीच, डायसल्फिराम, कुटून आमटीत जाते.

या गोळीचा शोध गमतीदार आहे. 1940 च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे ती जंतावर चालेल का ते बघायला स्वतः घेत होते. मेजवानीला गेले, थोडी दारू घेतली आणि तोंड लाल, जीव घाबराघुबरा. लिव्हर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग ते मोडतं. ही गोळी ते मोडणंच थांबवते. अ‍ॅसिटाल्डिहाइड साचलं की डोकं ठणकतं, ओकाऱ्या, छाती धडधडते, बीपी पडतं. हृदय कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. आणि शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हा परिणाम राहू शकतो.

माहीत असताना, लिव्हर-हृदय तपासून, घरातल्या कुणाच्या देखत घेतली तर याच गोळीने अनेकांना सांभाळलंय. मीही आठ महिने घेतली, रोज सकाळी हिच्यासमोर. तेव्हा ती माझी कुबडी होती. न सांगता दिली तर तीच गोळी सापळा होते. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखी पोटभर पितो. पुढे वॉर्डात डॉक्टर विचारतात ‘काय दिलं होतं?’ तेव्हा सांगायला कुणाची जीभ उचलत नाही.

पुडी आणणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. दहा वर्षं मार खाऊन, दागिने विकून ती त्या मुतारीवरच्या नंबरपर्यंत पोचलेली असते. तिच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, घरच्यांची मीटिंग. नवरा सोडो न सोडो, तिथे जाता येतं. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे आणि ती घरच्यांनाही खुली आहे.

‘90 दिवसांत नवा माणूस, घरात आनंदीआनंद’

पहिले पाच-सहा आठवडे मला खरंच हवेत चालल्यासारखं वाटत होतं. चहाला चव आली, लोक पाठ थोपटायला लागले. मग ते ओसरलं आणि त्याखाली जे होतं ते दिसलं. सोसायटीचं कर्ज. हिच्या मोडलेल्या पाटल्यांचे पैसे. मुलीच्या चौथीच्या स्नेहसंमेलनात मी काय गोंधळ घातला होता, तो तिने पहिल्यांदा शब्दांत सांगितला. पिताना या सगळ्यावर एक झाकण होतं.

त्यात मेंदूचाही भाग असतो. वर्षानुवर्षं दारूनेच खूश व्हायला शिकलेल्या मेंदूला सूर्यास्त, क्रिकेट, पोरांचं हसणं, सगळं बेचव लागतं. चिडचिड, विसरभोळेपणा, कारण नसताना भरून येणं, हे महिनोन्‌महिने येतं-जातं. मेंदू सावरतो, पण त्याला वेळ लागतो. डॉक्टरांकडून कळलेली एक खूण सांगतो. दारूमुळे आलेली उदासी बहुतेकांची तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते. त्यानंतरही ती हटत नसेल तर ते स्वतंत्र डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर वेगळा उपचार लागतो. जगणं नको असं मनात आलं तर चार आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो.

आणि घरातला आनंदीआनंद? एकशे दहाव्या दिवशी कंपनीत ओव्हरटाइम होता, तासभर उशीर झाला. दार उघडल्यावर ही काही बोलली नाही. फक्त जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. मी ताट भिरकावलं. न पिता, शुद्धीत. मीटिंगमधला एक म्हातारा नंतर म्हणाला, ‘तू अठरा वर्षं खोटं बोललास, तिने अठराच आठवडे नाक लावलं तर एवढा राग?’ तिने वास घेणं साधारण दुसऱ्या वर्षी थांबवलं. नक्की कधी, ते दोघांच्याही लक्षात नाही.

भांडणाच्या भरात ती एकदा असंही म्हणाली होती, ‘प्यायचास तेव्हा निदान बोलायचास तरी.’ हे ऐकून मी हादरलो होतो. आता कळतं. अठरा वर्षं घर एकटीने चालवलेल्या बाईच्या घरात एक शांत, चिडका, सगळ्यात लक्ष घालणारा परका माणूस अचानक राहायला आला होता. गॅसचा सिलिंडर कधी लावायचा इथपासून आमची भांडणं झाली.

‘सणासुदीला एखादा पेग चालतो’

माझ्यासारख्याला नाही. पहिला पेग मी घेतो, बाकीचे मला घेतात. ज्याला व्यसन नाही त्याने स्वतःचं बघावं, पण औषध म्हणून घेऊ नये. दारू कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 सालीच नोंदवलंय. आपल्या राज्याचं मात्र काय सांगावं, 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना आजही ‘आरोग्य राखण्यासाठी’ मिळतो!

हे सगळं मी दाजींना आधी फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मग मी काय पाठवायला पाहिजे होतं?’ मी म्हटलं, पाठवायचं काही नव्हतं, त्या पोराला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचं होतं. दाजी त्याला घेऊन गेले. पोरगं नऊ दिवस दाखल होतं, गोळ्या कमी करत करत बंद केल्या, थायमिन चालू आहे.

आज त्याचा अठरावा दिवस. नारळी पौर्णिमा होऊन गेली. काल रात्री दोन वाजता त्याचा फोन आला, झोप येत नव्हती. आम्ही अर्धा तास क्रिकेटवर बोललो. रोहितला कितव्या नंबरला खेळवावं यावर आमचं जमलं नाही.